टार्गेट होतं, प्रोसेस शीट नव्हतं

हे प्रकरण लिहू द्यायला त्यांनी दोन अटी घातल्या. नाव छापायचं नाही, आणि ‘जिद्दी कामगाराची कहाणी’ असलं काही करायचं नाही. दुसरी अट मला जास्त पटली, कारण जिद्दीचा तुटवडा इथे कधी नव्हताच. अख्खं शॉप, म्हणजे आमच्या कारखान्याचा मशीन विभाग, त्यांना ‘भाऊ’ म्हणतं, मीही तेच म्हणतो.

भाऊंचं वय 42. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर सेटर, म्हणजे नवं काम मशिनवर लावून देणारे. सिडकोत दोन खोल्यांचं घर, घरात वहिनी, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा. मूळ गाव दिंडोरी तालुक्यात. तिथली द्राक्षबाग थोरले भाऊ बघतात, पण छाटणीला आणि काढणीला धाकट्याने हजर राहायचं, हे त्या घरात न बोलता ठरलेलं आहे. बारावीनंतर आयटीआय आणि तिथून थेट मशिनवर. 2019 मध्ये त्यांनी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं. गंगापूर धरणाच्या अंगाला, गोवर्धनजवळ त्याचा पसारा आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद सातपूर-अंबडच्या बऱ्याच घरांत खरोखर शिरलं आहे. आमच्याच शॉपमध्ये चार-पाच जणांनी तिथून पदवी घेतली. भाऊंचीही पहिली दोन वर्षं निघाली. शेवटचे तीन विषय राहिले आणि गाडी तिथेच रुतली.

मी त्याच कारखान्यात ट्रेनिंग विभागात आहे. या रुतण्यात माझाही हात होता, तो पुढे येईलच.

तीन संकल्प

पहिला संकल्प 2022 च्या पाडव्याचा. सकाळी गुढी उभारली आणि व्हॉट्सॲपला स्टेटस टाकलं, ‘यंदा पदवी पूर्ण करणारच’. संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर जणांचे अंगठे, हार, अभिनंदन. गावाकडच्या एका मामांनी तर ‘पदवीधर भाच्याचं कौतुक’ असं लिहून टाकलं. भाऊ सांगतात, त्या रात्री इतकं बरं वाटलं की पुस्तक उघडायची गरजच भासली नाही. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर 2009 मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. आपण कोण होणार आहोत हे चारचौघांनी आधीच मान्य केलं, की ते होण्यासाठी लागणारी मेहनत माणूस कमी करतो. कौतुकाची उचल आधीच मिळालेली असते.

दुसरा संकल्प माझा. कारखान्यात मी ध्येय ठरवण्यावर दोन तासांचं सत्र घेतलं होतं. त्यात तो सुप्रसिद्ध स्मार्टचा तक्ता वाटला. अमेरिकेतल्या जॉर्ज डोरन नावाच्या सल्लागाराने 1981 मध्ये तो मॅनेजरांसाठी मांडला होता. ध्येय नेमकं हवं, मोजता यावं, मुदत हवी, वगैरे. भाऊंनी तो प्रामाणिकपणे भरला: ‘रोज रात्री 9 ते 10, रोज एक घटक, डिसेंबरच्या आत तिन्ही विषय.’ मी तो तक्ता तेव्हा सगळ्यांना आदर्श म्हणून दाखवला. नेमकं आहे, मोजता येतं, मुदत आहे. अजून काय पाहिजे? तो संकल्प अकरा दिवस टिकला.

तिसरा 2023 च्या 1 जानेवारीचा. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. 3 तारखेला संपला.

जूनमध्ये कॅन्टीनला चहा पिताना भाऊ म्हणाले, “सर, माझ्यात दमच नाही. लोक करतात, मला होत नाही.” मी त्यांच्याकडे बघत राहिलो. हा माणूस शिफ्टला चारशे पीस काढतो, दोन शतांश मिलिमीटरच्या टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात तेवढाच फरक चालतो, आणि वर्षानुवर्षं काढतो. त्याच्यात दम नाही?

मी विचारलं, “भाऊ, उद्या मी तुम्हाला मशिनवर काढायला नवा जॉब दिला, नुसता आकडा सांगितला, चारशे पीस पाहिजेत, आणि बाकी काहीच दिलं नाही तर?”

“काहीच म्हणजे? ड्रॉइंग?”

“नाही.”

“प्रोसेस शीट? टूल लिस्ट?”

“काही नाही. फक्त चारशे.”

ते हसले. “मग मशीनच लावणार नाही मी. आधी शीट आणा म्हणेन.”

आणि मग स्वतःच गप्प झाले. घरच्या टार्गेटमागे काम कसं, कुठल्या क्रमाने करायचं हे सांगणारं कुठलंच शीट नव्हतं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

सायकल टाइम

शॉपमध्ये नवा जॉब आला की आधी एक पीस काढतात. तो मोजतात, इन्स्पेक्शनवाला सही करतो, मगच लॉट चालू. सेटर हे सगळं डोळे मिटून करतो. म्हटलं, अभ्यासाचाही पहिला पीस काढू. एका सुट्टीच्या दिवशी भाऊंनी एकच घटक वाचायचा. कसा वाचायचा तेही ठरवलं: वाचायचं, प्रश्न काढायचे, आणि पुस्तक मिटून एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं. बाजूला घड्याळ.

लागले दोन तास चाळीस मिनिटं. शॉपच्या भाषेत हा सायकल टाइम, एका पीसला लागणारा वेळ.

हा आकडा त्यांनी मला फोनवर सांगितला तेव्हा मला माझ्या त्या आदर्श तक्त्याची लाज वाटली. ‘रोज रात्री 9 ते 10, रोज एक घटक.’ 160 मिनिटांचं काम आम्ही 60 मिनिटांत बसवलं होतं. म्हणजे भाऊ पहिल्याच दिवशी मागे पडले, दुसऱ्या दिवशी आणखी मागे, आणि अकराव्या दिवशी जवळजवळ सात घटकांची थकबाकी अंगावर होती. त्याला ते आळस म्हणत होते. शॉपमध्ये असं झालं असतं तर कुणी ऑपरेटरला दोष दिला नसता, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगवाल्याला बोलावून ‘टाइम स्टडी कुणी केलाय?’ असं विचारलं असतं.

अवघड ध्येय ठेवलं की माणूस जास्त काम करतो, हे एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून मांडलं आणि ते खरंही आहे. पण ज्याला काम येतं आणि ध्येय मनापासून मान्य आहे, त्याच्यासाठी. काम कसं करायचं हेच अजून कळलेलं नसताना मोठा आकडा समोर ठेवला तर माणूस नुसता भांबावतो. ट्रेनिंगच्या सत्रांत हा उत्तरार्ध सांगायचा राहून जातो. माझ्या सत्रात तर राहिलाच होता.

तीन विषयांचे मिळून 27 घटक होते. आता निदान भागाकार करता येणार होता.

शिफ्टला बांधलेला वेळ

प्रेरणेवर बोलणारे बहुतेक लोक दहा ते सहा नोकरी करणारे असावेत, असा मला दाट संशय आहे. ‘रोज पहाटे पाचला उठा.’ कुठल्या पहाटे? भाऊंच्या शिफ्ट दर आठवड्याला फिरतात. फर्स्ट शिफ्ट सकाळी सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते रात्री बारा, नाईट बारा ते सात. रात्री नऊ वाजता ते पहिल्या आठवड्यात जेवत असतात, दुसऱ्या आठवड्यात मशिनवर असतात आणि तिसऱ्या आठवड्यात नाईटला जाण्याआधी तास-दोन तास डोळा लागावा म्हणून आडवे झालेले असतात. ‘रोज रात्री 9’ हा संकल्प तीन आठवड्यांतला एकच आठवडा पाळता येण्यासारखा होता, आणि त्या आठवड्यातही तेव्हा घरात मालिका चालू असते.

तेव्हा वेळ घड्याळाला बांधायची सोडून शिफ्टला बांधली. एक शीट नव्हे, तीन.

फर्स्ट शिफ्टचं शीट: गेटबाहेर पडलं की घरी जायचं नाही. कंपनीतून सरळ अभ्यासिकेत. नाशिकमध्ये गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्या आहेत, एमपीएससीच्या पोरांनी भरलेल्या. सिडकोतल्या एकीत महिन्याची फी भरून जागा घेतली. साडेचार ते पाच पन्नास, 80 मिनिटं. घरी गेल्यावर पाठ टेकली की संपलं, हे भाऊंनीच सांगितलं होतं. त्यामुळे पाठ टेकायच्या आधीचा वेळ धरला.

सेकंड शिफ्टचं शीट: मुलं शाळेत गेली, चहाचा कप खाली ठेवला की पुस्तक. घरीच, तासभर.

नाईटचं शीट: वाचन नाही. नवीन काही नाही. आधी वाचलेल्या घटकांची प्रश्नांची चिठ्ठी खिशात, जेवणाच्या सुट्टीत एक चिठ्ठी बघायची. बस. नाईटच्या आठवड्यात शून्य घटक हे टार्गेटमध्येच लिहिलं.

यावर भाऊंनी हुज्जत घातली. शून्य लिहायला त्यांचा हात धजेना. “सर, निदान एक तरी लिहू.” मी म्हटलं, मशीन मेंटेनन्सला असताना तिच्यावर प्रॉडक्शन लावता का? तेव्हा कुठे मानले.

हिशेब असा बसला: फर्स्टच्या आठवड्यात तीन घटक, सेकंडच्या आठवड्यात दोन, नाईटला शून्य. तीन आठवड्यांच्या एका फेरीला पाच. 27 घटकांना सोळा-सतरा आठवडे, आणि परीक्षेला साडेपाच महिने होते. उरलेले सात आठवडे उत्तरं लिहिण्याच्या सरावाला आणि गणपती, आजारपण, ओव्हरटाइम यांना.

‘अमुक झालं की तमुक करायचं’ या बांधणीचंही संशोधन गोल्विट्झर यांचंच. 1997 मध्ये त्यांनी वेरोनिका ब्रांडश्टेटर यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक निबंध लिहून पाठवायचा होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवून ठेवलं, त्यांच्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त जणांनी तो वेळेत लिहिला. ज्यांनी नुसतंच ‘लिहू’ म्हटलं, त्यांच्यातल्या सुमारे एक तृतीयांशांनी. इच्छा दोघांचीही होती. मला यातला ‘कुठे’ फार महत्त्वाचा वाटतो. दोन खोल्यांच्या घरात ‘कुठे’ हाच खरा प्रश्न असतो. वहिनी मला एकदा म्हणाल्याही होत्या, “ह्यांच्या संकल्पाचा अर्थ इतकाच की आम्ही टीव्ही बंद करून गप्प बसायचं.” अभ्यासिकेच्या फीचे पैसे काढायला सगळ्यांत आधी त्याच तयार झाल्या, ते का हे उघड आहे.

तीन आठवडे-पाच घटक असे लहान तुकडे पाडण्याबद्दल आणखी एक. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी 1981 मध्ये वजाबाकीत कच्च्या असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काहींना सांगितलं, सात बैठकांत 42 पानं संपवा. काहींना, दर बैठकीला सहा पानं. काम तेवढंच, हिशेबही तोच. पण सहा-सहा पानंवाली मुलं गणितात पुढे गेली, इतकंच नाही तर पुढे कुणी सांगितलेलं नसतानाही त्यांनी जास्त गणितं सोडवली. 42 दुरून दिसतात. सहा आज संध्याकाळी संपतात.

बारा कार्षापण

आता जी गोष्ट सांगतो ती आमच्या कुठल्याच शीटमध्ये नव्हती.

पदवी कशाला हवी, असं मी भाऊंना सुरुवातीलाच विचारलं होतं. उत्तर तयार होतं: सुपरवायझर व्हायला. मी विचारलं, पदवी मिळाली आणि तरी सुपरवायझर केलं नाही तर? कारण हे घडू शकतं, मला ठाऊक होतं. ते म्हणाले, “मग उगाच केलं असं होईल.” मला तेव्हाच धास्ती वाटली. ज्या फळाची चावी दुसऱ्याच्या हातात आहे, त्याच्यासाठी रोज साडेचार वाजता अभ्यासिकेत जाणं फार दिवस चालत नाही. पण मी काही बोललो नाही, कारण दुसरं कारण मी त्यांच्या हातात आयतं कसं देणार?

ऑगस्टमध्ये इतिहासाच्या पुस्तकात सातवाहन आणि क्षत्रपांचा घटक आला. पांडवलेणी कारखान्यापासून जवळ. भाऊ रोज गाडीवरून तो डोंगर बघत कामाला येतात. वर मात्र लग्नानंतर पाहुण्यांना घेऊन एकदाच गेले होते. पुस्तकात वाचलं की तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले. 2000 एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. 1000 दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं.

भाऊ पतसंस्थेचे जुने कर्जदार. व्याजाचा दर दिसला की हात आपोआप हिशेबाकडे जातो. दोन हजारांचं महिना शेकडा एकने वर्षाचं व्याज 240. पुढे लेखातच आहे की या रकमेतून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात लेण्यात, राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा द्यायचे. वीस गुणिले बारा, 240.

“सर, टॅली होतंय!” हा फोन मला रात्री साडेबाराला आला, सेकंड शिफ्ट सुटल्यावर. “एक पैसा इकडचा तिकडे नाही. आणि गोवर्धन म्हणजे आपलं गोवर्धन. जिथं विद्यापीठ आहे तेच.”

पुढच्या सुट्टीला ते पोरांना घेऊन वर चढले. ब्राह्मी अक्षरं काही वाचता आली नाहीत, पण कुठल्या भिंतीकडे बघायचं हे माहीत होतं. मुलीने विचारलं, बाबा, आता ते पैसे कुठे गेले? याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. भाऊ अजून शोधतायत.

त्यानंतर सुपरवायझर हा शब्द आमच्या बोलण्यात हळूहळू कमी झाला. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. सुरुवातीचं कारण बाहेरचं होतं आणि त्यानेच त्यांना पुस्तकापर्यंत आणलं, हे कबूल करायला हवं; ते काही खोटं कारण नव्हतं. पण फेऱ्या सुरू राहिल्या त्या विषयाची गोडी लागली म्हणून. ही गोडी कुठल्या पानावर लागेल ते आधी ठरवता येत नाही. पानापर्यंत पोचण्याची व्यवस्था तेवढी करता येते.

रिजेक्शन

सगळं सुरळीत झालं असं समजू नये. भाऊंनी एक छोटी डायरी ठेवली होती: ठरलेला दिवस, झाला की बरोबरची खूण, नाही झाला तर फुली आणि पुढे कारण. कारण एका शब्दात, रिजेक्शन रिपोर्टला लिहितात तसं. ‘ओटी.’ ‘ताप.’ ‘पाहुणे.’ एकदा नुसतं ‘कंटाळा’ लिहिलं होतं, आणि मला ते आवडलं.

पूर्वी एक दिवस बुडाला की ते आठवडा सोडून द्यायचे. आता एक फुली पडली की दुसऱ्या दिवशी शीटप्रमाणे चालू, बुडालेलं भरून काढायचं नाही. हा नियम त्यांना विचित्र वाटला. पण लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी बारा आठवडे तपासल्या, त्यात हेच दिसलं: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा खंड पडत नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागल्याचं आहे, पण कुणाला 18 तर कुणाला 254 असाही पल्ला होता. ‘एकवीस दिवसांत सवय’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

सप्टेंबरअखेर डायरी घेऊन बसलो. फुल्या मोजल्या तर निम्म्याहून जास्त ‘ओटी’च्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या फर्स्ट शिफ्टच्या. म्हणजे ज्या आठवड्यावर आमचा सगळ्यात जास्त भरवसा होता, तोच गळत होता. ओव्हरटाइम नाकारणं शक्य नव्हतं, पोरीच्या क्लासची फी त्यातूनच जाते. मग शीट बदललं: ओटी लागली तर त्या दिवशी अभ्यासिका रद्द, रात्री जेवल्यावर फक्त एक उत्तर लिहायचं. वीस मिनिटं.

ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाची फळासाठी करतात ती छाटणी, आली. हे माझ्या हिशेबात नव्हतं. दिंडोरीचा माणूस, द्राक्षबाग, आणि मी छाटणी विसरलो. भाऊंच्या सगळ्या सुट्ट्या आणि वर दोन रजा बागेत गेल्या, छाटणी, मग डोळे फुटायला पेस्ट लावणं. पंधरा दिवस डायरीत फुल्याच फुल्या, कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ‘बाग’. 27 पैकी 22 घटक झाले. इतिहास आणि आणखी एक विषय पूर्ण, तिसरा अर्धा.

परीक्षेला तिन्हींना बसले. दोन निघाले, इतिहासात त्यांच्या आजवरच्या परीक्षांतले सगळ्यात जास्त गुण. तिसरा राहिला.

निकालाच्या दिवशी मी जरा घाबरतच शॉपमध्ये गेलो. मागच्या अनुभवाने वाटत होतं की आता परत ‘माझ्यात दमच नाही’ सुरू होणार. भाऊ मशिनवर टूल बदलत होते. मान वर न करता म्हणाले, “पाच घटक राहिलेत, सर. एक फेरी. मार्चमध्ये मात्र धरू नका, काढणी आहे.” यावेळी त्यांनी स्टेटस टाकलं नव्हतं. घरी वहिनींना आणि मुलीला तेवढं सांगितलं होतं. दर आठवड्याला डायरी बघायचं काम आता मुलीने माझ्याकडून काढून घेतलं आहे, आणि ती माझ्यापेक्षा कडक आहे.

सुपरवायझरची जागा त्या दिवाळीत भरली गेली, दुसऱ्या कुणाला. त्यावर आमचं बोलणं झालं नाही. मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

फ्रिजवर चुंबकाने लावलेली तिन्ही शीटं अजून तिथेच आहेत. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात, आमच्या शॉपच्या कागदांवर असतो तसा, रिव्हिजनचा नंबर लिहिलेला. फर्स्ट शिफ्टचं शीट परवा बघितलं, त्यावर ‘रिव्ह. 05’ होतं आणि खाली पेन्सिलने नवी ओळ: ‘गोडी छाटणी: 15 दिवस शून्य.’ शून्याभोवती त्यांनी स्वतःच गोल केला होता.